पाठीमागचा उजेड

“मागं व्हा जी, मागं व्हा. दोरीच्या आत कोणी येऊ नका,” असं सांगत कांता या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होती. तिचं कोणी ऐकत नव्हतं आणि त्याचा तिला राग येत नव्हता. भिलाईतल्या खुर्सीपारची निम्मी वस्ती आज रेल्वे सायडिंगच्या वाटेवर लोटली होती. बायका लेकरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, ड्यूटीवरून सुटलेली माणसं सायकली आडव्या घालून बसली होती आणि एकानं तर फुटाण्याची गाडीच आणून लावली होती. जत्रा भरावी तसं झालं होतं. सकाळपासून कांताच्या पोटात अन्नाचा कण नव्हता, पण भूक म्हणून लागत नव्हती. घरी लग्न निघालेल्या बाईसारखी तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

दिवस बुडायला आला होता. सगळ्यांचे डोळे पोलादाच्या प्लांटच्या भिंतीपलीकडच्या काळ्या टेकाडाकडे लागले होते. लोखंड वितळताना वर येणारा मळ, ज्याला इथली शेंबडी पोरंही स्लॅग म्हणतात, तो मोठमोठ्या हंड्यांत भरून गाडीवरून त्या टेकाडावर नेतात आणि ओततात. हंडा कलंडला की सगळं आभाळ तांबडंलाल होतं आणि पार वस्तीतल्या भिंतींवर उजेड पडतो. भिलाईच्या माणसाला त्याचं अप्रूप नाही. पण आज त्या उजेडाचीच परीक्षा होती.

अकरा वर्षांपूर्वी, अशाच दिवेलागणीनंतर, या वाटेवर भूपेंद्र हटवार डोकं फुटून मेलेला सापडला होता. भूपेंद्र एका ठेकेदाराकडे मेट होता, म्हणजे मजुरांच्या टोळीचा मुकादम. कांताचा नवरा राजदीप रामटेके त्याच्याच टोळीत होता. भूपेंद्रनं त्याला टोळीतून काढून राखेच्या कामावर टाकलं, म्हणून आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. “तुले पाहून घेतो,” असं राजदीप चार माणसांत बोलून गेला. ते बोलणं त्याला भोवलं. वाटेच्या कडेला झोपडीत राहणारा म्हातारा चौकीदार केवलराम यानं कोर्टात शपथेवर सांगितलं की स्लॅग पडला, उजेड झाला आणि वाटेवरून लगबगीनं येणाऱ्या राजदीपचा चेहरा आपण साफ पाहिला. तेवढ्यावर राजदीपला जन्मठेप झाली.

केवलराम लबाड नव्हता. कांताही तसं कधी म्हणाली नाही. त्याला मनापासून तसं वाटलं होतं. आता तो वारला होता आणि त्याला पुन्हा विचारायची सोय उरली नव्हती. वरच्या कोर्टातलं अपील धूळ खात पडलं होतं. कांता बाजारात साड्यांना पिको-फॉल करून घर चालवत होती. लेक संघमित्रा नर्सिंग शिकून कामाला लागली होती. तिनंच कुठून तरी रेणूचा पत्ता काढला. रेणू इथल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटच्या कॉलनीत वाढलेली, आता पुण्यात राहून डॉक्युमेंटरी फिल्म करणारी. ती कॅमेरा घेऊन आली, आठवडाभर सगळ्यांना भेटली आणि एका संध्याकाळी केवलरामची झोपडी होती त्या जागेवर जाऊन उभी राहिली. स्लॅग पडला. ती धावतच कांताच्या दारात आली.

“मावशी, त्या जागेवरून पाहिलं तर उजेड येणाऱ्या माणसाच्या पाठीमागून येतो. समोरून नाही.”

इतकी वर्षं कांता या वाटेनं जात होती. त्या जागी उभं राहून बघावं, हे तिला सुचलं नव्हतं, वकिलाला नाही आणि कोर्टातही कोणाला नाही.

त्याचीच आज उघड चाचणी होती. पाच माणसं एकेक करून वाटेनं येणार, एक जण केवलरामच्या जागी बसून त्यांना ओळखणार आणि कॅमेरा ते सगळं टिपणार. ओळखायला रेणूनं एक निवृत्त मास्तर ठरवले होते. संघमित्रा आईच्या मागे मागे फिरत होती. “आई, टेन्शन मत ले ना. थोडी बस तरी,” असं म्हणत होती.

तेवढ्यात गर्दी एका बाजूनं फाटली. मोटारसायकलवरून दोन माणसं आली होती. मागं बसलेला दयाराम होता, पुढच्याचा प्लांटमधला सोबती, आणि पुढं होता कमलेश हटवार, भूपेंद्रचा थोरला भाऊ.

कोर्टाच्या एकूणएक तारखांना हा माणूस समोरच्या बाकावर बसलेला असायचा, पण त्यानं कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बाजारात समोर आली तर तो गल्ली बदलायचा. रेणू त्याच्या कुरुदच्या घरी दोनदा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा त्यानं तिला दारातूनच वाटेला लावलं होतं.

गाडी उभी करून कमलेशनं सगळीकडे नजर फिरवली. कॅमेरा, तिपाई, दोरी, लेकरं. मग त्याची नजर फुटाण्याच्या गाडीवर थांबली.

“माह्या भावाच्या जाग्यावर फुटाणे विकून राहिले तुमी,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला.

कांताला भर गर्दीत कानफटात बसल्यासारखं झालं. सकाळपासूनची आपली धावपळ, आपला उत्साह, सगळं तिला त्याच्या डोळ्यांनी दिसलं. ती तशीच फुटाणेवाल्याकडे गेली, तिनं गाडीच्या दांड्याला हात घातला आणि त्याच्याबरोबर ढकलत ती गाडी लांब रस्त्यापर्यंत नेऊन सोडली. ती परत आली तेव्हा रेणू कमलेशला चाचणी समजावून सांगत होती आणि तो मान हलवत होता.

“माणसं तुमचे, फिल्म तुमची. तुमी म्हणसान तेच दिसन,” तो म्हणाला.

“मंग तुमीच बसा, कमलेशभाऊ,” कांता म्हणाली. “केवलरामच्या जाग्यावर तुमीच बसा. चालणारे माणसंबी तुमचेच आणा.”

संघमित्रानं आईचा दंड धरून तिला बाजूला ओढलं. हा माणूस बाबांना फाशी व्हावी म्हणून कोर्टात हात जोडत होता, तो खरं कशाला बोलेल, असं ती कुजबुजली. ‘दिसला’ एवढा एक शब्द तो बोलला तरी सगळं संपलं. रेणूच्याही चेहऱ्यावर तीच भीती होती. पण कांताच्या डोक्यात दुसरंच होतं. मास्तरांनी काहीही सांगितलं तरी उद्या लोक म्हणणार, रामटेकेच्या बाईनं माणूस पढवून बसवला. आणि भावाला खरं काय ते नको असतं, तर तो ड्यूटी सोडून इथवर आला कशाला असता?

कमलेश पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता.

“आन् मले दिसलं तं?”

“दिसलं तं दिसलं म्हणा.”

मग त्यानं दयारामला सांगितलं की जा, आपल्या ओळखीचे पाच जण घेऊन ये, कोण आणतोस ते मला सांगू नको. दयाराम मोटारसायकल घेऊन गेला आणि बऱ्याच वेळानं मागोमाग एका ऑटोत माणसं भरून घेऊन आला. ऑटो लांब वळणापलीकडेच थांबवला, म्हणजे आतले कोणी दिसायला नकोत. तोवर बातमी सगळ्या वस्तीत पसरली होती आणि उरलेली निम्मी वस्तीही येऊन उभी राहिली होती.

आता स्लॅगची वाट पाहायची होती. इंजिनाची शिटी झाली की गर्दीतून “आली, आली” असं उठायचं आणि गाडी भलत्याच रुळावरून निघून जायची. कमलेश झोपडीच्या जुन्या जोत्यावर पाय सोडून बसला होता. कॅमेरा त्याच्या डाव्या हाताला होता, कांता मागे.

मग टेकाडावर गाडी दिसली. हंड्यांची रांगच्या रांग. पहिला हंडा कलंडला आणि आभाळ पेटलं.

वळणावरून एक माणूस चालत आला. त्याच्या खांद्यांना, डोक्याला, कोपरांना लाल कड होती आणि आत सगळा काळोख. ठरल्या जागी तो थांबला. कमलेश पुढं वाकला.

“सुखदेव,” तो म्हणाला.

दयारामनं माणसाच्या तोंडावर बॅटरी मारली. तो सुखदेव नव्हता. गर्दीतून एकदम आवाज उठला आणि रेणूनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

दुसऱ्या हंड्याला दुसरा माणूस आला. कमलेशनं लगेच नाव सांगितलं, आणि बॅटरीच्या उजेडात तोच निघाला. संघमित्रानं डोळे मिटून घेतले. पण कमलेशनं कॅमेऱ्याकडे मान वळवली. “तो लंगडते,” तो म्हणाला. “चालीवरून वळखला. तोंड नाई दिसलं.”

कोणी विचारलं नव्हतं. त्यानं आपणहून सांगितलं. कांताला त्या क्षणी या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं, आणि आता तो खोटं बोलणार नाही, हेही तिला कळून चुकलं. म्हणजे उरलेलं सगळं त्या उजेडाच्या हातात होतं.

तिसऱ्याच्या वेळी कमलेश बराच वेळ बघत राहिला आणि काहीच बोलला नाही. चौथ्याला त्यानं भलत्याचंच नाव दिलं. प्रत्येक वेळी गर्दीतली कुजबुज वाढत होती. माणसं टाचा उंचावून बघत होती, दोरी केव्हाच पायाखाली गेली होती. आता खुद्द कमलेशही जोत्यावरून उठून उभा राहिला होता. डोळ्यांवर हात धरत होता, डावीकडे सरकत होता, उजवीकडे सरकत होता. केवलरामला दिसलं ते आपल्याला दिसावं म्हणून त्याचा जीव आटत होता, हे मागून बघणाऱ्या कांतालाही कळत होतं.

पाचवा हंडा सगळ्यात मोठा पेटला. उजेड इतका की जोत्याची फट न् फट दिसत होती. वळणावरून उंच, सडपातळ माणूस आला आणि उभा राहिला.

“याले मी वळखत नाई,” कमलेश म्हणाला. “हा आमच्यातला नोहे. दयाराम, हा कोण आणला तू?”

दयारामनं बॅटरी लावली नाही. माणूसच चार पावलं पुढं आला.

“बाबा, मी होय,” तो म्हणाला.

तो कमलेशचा मुलगा होता, राहुल. लग्न झालेला, बापाबरोबर एका घरात राहणारा, एका ताटात जेवणारा.

टेकाडावरचा उजेड हळूहळू विझत गेला. कमलेशनं राहुलच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचा चेहरा चाचपल्यासारखं केलं. मग तो कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहिला.

“कमलेश हटवार, राहणार कुरुद,” कोर्टात सांगावं तसं तो म्हणाला. “भूपेंद्र माहा लहान भाऊ होता. आज मी केवलरामच्या जाग्यावर बसलो आन् माह्या सोताच्या पोराले वळखलं नाई. मंग केवलरामनं राजदीपले कसं वळखलं, मले नाई समजून राह्यलं.”

तो थांबला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण तो पुन्हा बोलला. “एवढे वर्षं मले माहीत होतं का माह्या भावाले कोणं मारलं. आता तेबी माहीत नाई.”

एवढं बोलून तो मोटारसायकलकडे गेला. कांताला त्याच्या मागे धावायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, पण तोवर बायकांनी तिला घेरलं होतं. कोणी तिला मिठी मारत होतं, कोणी रडत होतं, आणि संघमित्रा तर लहान पोरीसारखी जागच्या जागी उड्या मारत होती. त्या गलक्यात कांताला फक्त मोटारसायकलचा मागचा लाल दिवा लांब जाताना दिसला.

वकिलानं फिल्म पाहिली आणि आधी सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतलं. फिल्म दाखवून कोर्टात माणूस सुटत नसतो, तो म्हणाला. पण मेलेल्याच्या सख्ख्या भावानं लिहून दिलं, तर त्याला वजन येतं. कमलेशकडे कोणी जायचं, यावर घरात खल चालला होता, तोच कमलेश स्वतः वकिलाच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं शपथपत्र दिलं आणि सुनावणीच्या दिवशी बिलासपूरच्या वरच्या कोर्टात जाऊन, राजदीप जामिनावर सुटला तर आपली हरकत नाही, असं त्यानं कोर्टाला कळवलं. अपिलाचा निकाल पुढं लागेल तेव्हा लागेल, पण तोवर शिक्षा थांबवून राजदीपला सोडावं, असा हुकूम निघाला.

फोन आला तेव्हा कांता मशीनवर होती. संघमित्रा पलीकडून ओरडून सांगत होती आणि इकडं कांताचा पाय पायडलवरून निघेना. मशीन धावत होतं, फॉल साडी सोडून कुठल्या कुठं गेला होता. साडी ज्या बाईची होती ती समोरच उभी होती. प्रकार कळल्यावर ती म्हणाली की राहू दे, ही साडी आता अशीच ठेवीन. संध्याकाळपर्यंत गल्लीत कोणाच्या घरी चूल पेटली नाही. सगळं रांधणं-वाढणं कांताच्या दारात झालं. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या टेम्पोत इतकी माणसं चढली की ड्रायव्हरनं गाडी पुढं न्यायलाच नकार दिला. काहींना उतरवावं लागलं, ती सायकलींवर निघाली.

जेलच्या दारातून राजदीप बाहेर आला तेव्हा एवढी गर्दी बघून तो बिचकला आणि मागं वळून पाहू लागला, जणू आपल्यामागून कोणी मोठा माणूस येत असावा. त्याचे केस पांढरे झाले होते. कांता त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं हे तिनं कितीदा तरी ठरवलं होतं. “जेवले का?” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मग बुद्धविहाराच्या हॉलमध्ये पांढरा पडदा लावून फिल्म दाखवली. बसायला जागा नव्हती, खिडक्यांतून डोकी लटकली होती. राहुल पाचव्या हंड्याच्या उजेडात पुढं आला, तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला, जणू आपल्याला शेवट माहीतच नाही. राजदीप मात्र बसून होता. कमलेश आला नाही. पण त्याचा निरोप आला. आई बोलावतेय, दोघांनी एकदा कुरुदला यावं.

राजदीप जायला तयार नव्हता. कोणत्या तोंडानं जाऊ, असं म्हणत होता. कांता म्हणाली, “गुन्हा तुमी केला नाई. मंग याच तोंडानं चला.” रविवारी सकाळी ते गेले.

कुरुदच्या त्या घरासमोर आता दुमजली घरं झाली होती. ओसरीवर भूपेंद्रची आई रुक्माबाई खाटेवर बसली होती. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर याच बाईनं कांताला शिव्याशाप दिले होते. आता तिला नीट दिसतही नव्हतं. कमलेशनं खुर्च्या मांडल्या आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. खाटेशेजारी एक टेबलफॅन घरघरत होता.

“त्या दिवशी तू त्याच्यासंगं ड्यूटीवर होता ना?” शेवटी रुक्माबाई म्हणाली.

“हाव जी.”

“मले कोणी सांगतलंच नाई, त्या दिवशी तो कसा होता. काय बोलला, काय नाई. समदे मेल्याच्या नंतरचंच सांगत.”

राजदीपनं खाली पाहिलं. ते त्यालाही कोणी कधी विचारलं नव्हतं. ठाण्यात नाही, कोर्टात नाही. त्याला विचारायचे ते फक्त आदल्या दिवशीचं भांडण. तो हळूहळू सांगू लागला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भूपेंद्र आपणहून त्याच्याजवळ येऊन बसला होता. काल रागात लय बोललो बे, मनावर घेऊ नको, म्हणाला. सोमवारपासून तुला परत टोळीत घेतो, म्हणाला. आणि डबा उघडून मधे ठेवला.

“लाखोळीच्या डाळीचे वडे होते,” राजदीप म्हणाला. “आयनं केले, खाय म्हणला.”

रुक्माबाई पुढं सरकली. “खाल्ले तू?”

“खाल्ले ना जी. दोघांनीबी खाल्ले.”

“कसे झाल्ते?”

कांतानं त्याच्याकडे पाहिलं. चांगले होते म्हणा, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

“चांगले होते,” तो म्हणाला. “मीठ जरासं कमी होतं.”

रुक्माबाईनं मान हलवली.

“हाव,” ती म्हणाली. “कमीच पडलं होतं. तो ड्यूटीवर गेल्यावर मी चाखून पाह्यला.”

आणि हात लांब करून, चाचपत, तिनं आपल्याकडे तोंड केलेला पंखा राजदीपकडे वळवला.